ठिपक्याठिपक्यांची वाट

कळंबोलीच्या शुभसंकेत सोसायटीत निखिल टिपणीसने भूमध्य समुद्र आणला नसता, तर मधुकर खांबेट्यांचं निवृत्त आयुष्य कसं छान ताकभातासारखं चाललं होतं. पण निखिल पडला हौशी. पंधरा दिवस परदेशात फिरून आला आणि आल्या आल्या सोसायटीच्या ऑफिसात भिंतीला चादर ठोकून फोटो दाखवायला बसला. तीनशेएक फोटोंनंतर एक असा आला, की सगळ्यांचे चहाचे कप ओठाशीच थांबले. तिन्ही बाजूंनी कडे, मधे एवढंसं निळं पाणी, हातभर वाळू आणि माणूस नावाला नाही.

"इथे गाडी जात नाही, बोट लागत नाही," निखिल म्हणाला. "डोंगरावरून पाऊण तास पायी उतरायचं. म्हणून तर एवढं क्लीन राहिलंय."

"आपल्याकडं असलं काय न्हाई बगा," सेक्रेटरी जोतीराम पिसाळ म्हणाले. पिसाळ साताऱ्याचे, लोखंड बाजारात गाळा असलेले. त्यांनी सुस्कारा सोडला की तो ठराव मंजूर झाल्यासारखा वाटतो.

तेवढ्यात वैजयंतीबाई खांबेटे ताडकन म्हणाल्या, "नाही कसं? उरणच्या बाजूला पाणशेव्याचं मुकं बंदर आहे की! अगदी अस्संच. आमचे हे उतरलेत ना तिथे, अठ्ठ्याऐंशी साली. पहिले हेच!"

सगळ्या माना खांबेट्यांकडे वळल्या. खांबेटे हसले. ते हसू बघून कुणालाही वाटलं असतं, माणूस किती विनयशील. खरं म्हणजे त्यांच्या घशात बिस्किट अडकलं होतं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? हे धादांत खोटं होतं. खांबेटे त्या काळी 'भूरेखा' नावाच्या सर्व्हे कंपनीत नवेकोरे सर्व्हेअर होते. डोंगरमाथ्यापासून खालच्या वाळूपर्यंत मोजणी करायचं काम त्यांच्या गळ्यात आलं. मोजणीची साखळी धरायला गावातला देवजी. दोघं कड्याच्या टोकाशी गेले, खांबेट्यांनी खाली वाकून बघितलं आणि ते चार पावलं मागे सरले. दोनशे फुटांचा सरळसोट कडा. खाली लाटा फुटताना दिसत होत्या, पण आवाज वर येत नव्हता. म्हणून त्याला मुकं बंदर म्हणायचे. "खाली वाट नाय, साहेब," देवजी म्हणाला. हे ऐकून खांबेट्यांना केवढं बरं वाटलं! पण 'वाट नाही' असं ऑफिसात सांगितलं असतं, तर साहेबांनी दोर देऊन परत पाठवलं असतं. तेव्हा त्यांनी तुर्भ्याच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून, माथ्यापासून वाळूपर्यंत ठिपक्याठिपक्यांची एक रेघ ओढली. नकाशात ठिपक्यांची रेघ म्हणजे पाऊलवाट. रेघ अर्ध्यावर असताना शिपायाच्या चहाच्या ट्रेचा कोपराला धक्का लागला आणि वाट उगीचच डावीकडे वळून परत आली. खोडायचा कंटाळा केला. साहेबांनी नेमकं त्या वळणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वा! जागेवर जाऊन आलेला माणूस लगेच कळतो." झाली सही.

इथवर ठीक होतं. पण पुढे दोन वर्षांनी वैजयंतीबाईंना बघायला गेल्यावर काहीतरी बोलायला हवं म्हणून खांबेट्यांनी मुक्या बंदराची गोष्ट सांगितली. दगडाला धरून कसे उतरलो, पायाखालून खडा कसा निसटला, खाली पोचल्यावर पावलांचा एकही ठसा नसलेली वाळू. वैजयंतीबाईंना तेव्हा आणखी दोन स्थळं आलेली होती. त्यातला एक तर बँकेत ऑफिसर होता. पण बाई अजूनही कुणालाही सांगतात, "ते दोघं पगार सांगत होते हो, हे समुद्र सांगत होते. मी म्हटलं, हाच." म्हणजे बघा, अख्खा संसार त्या ठिपक्यांवर उभा. आणि गेली पस्तीस वर्षं बाई म्हणताहेत, एकदा मला तिथे न्या. कधी पावसाळा, कधी सापांचा हंगाम, कधी गुडघा. गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलून झाला आणि खांबेट्यांकडे कारणच उरलं नाही.

निखिलने तोवर फोन काढला होता. "काका, पाणशेवे ना? अरे, मॅपवर रस्ता दाखवतोय!"

खांबेट्यांनी चष्मा वर करून पाहिलं. स्क्रीनवर ठिपके होते. त्यांच्या हातचे. मधे डावीकडे तेच वळण. जुने कागद कुणी, कधी कॉम्प्युटरात घातले देव जाणे. आपलं पाप आपल्याकडे बघून लुकलुकतंय असं त्यांना वाटलं.

"येत्या रविवारनंतरचा रविवार," पिसाळांनी जाहीर करून टाकलं. "अकरा जनं. म्होरकं खांबेटेसाहेब."

त्या पंधरा दिवसांत खांबेट्यांचं वजन तीन किलोंनी उतरलं. बायकोला ती तयारी वाटली. दुपारी डोळा लागला की स्वप्नात सोसायटीची माणसं कड्यावरून खाली जायची, तीही फ्लॅट नंबरच्या क्रमाने. एकशे एक, एकशे दोन. दोनशे तीनच्या वैजयंतीबाईंचा नंबर येण्याआधी ते ओरडत उठायचे. सल्ल्यांना तर ऊत आला होता. तळमजल्याच्या विमलबाई म्हणाल्या, उतरण्याआधी लिंबू कापा. चौथ्या मजल्यावरून निरोप आला की उताराची सवय हवी तर जिना उलटा उतरावा. खांबेट्यांनी तेही केलं, अंगात ट्रेकिंगची पँट घालून, आणि पहिल्या मजल्यावर कचऱ्याच्या डब्यात बसले. डबा न्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "काका, ओला की सुका?"

शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की वाटच रद्द करून टाकायची. नकाशातून गेली की फोनमधून जाईल, फोनमधून गेली की निखिलच्या डोक्यातून जाईल. तुर्भ्याला ट्रकच्या रांगांमधून वाट काढत ते जुन्या ऑफिसात गेले. टेबलामागे मोनाली नावाची मुलगी होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"वाट काढून टाकायची? मग ज्या सर्व्हेअरने टाकली त्याचं लेखी लागेल. वाट नसताना का दाखवली, त्याचा खुलासा. मग साईटवर तपासणी."

"आणि तो सर्व्हेअर नसेल तर?"

"वारले का ते?"

"नाही," खांबेटे म्हणाले. "अजून तरी नाही."

"मग त्यांनाच पाठवा ना, काका. घाबरायचं काय त्यात? फार तर फाइलला लागेल."

खांबेटे पाणी पिऊन परत आले. फाइलला लागण्याची त्यांना भीती नव्हतीच. पण खुलाशाचं पत्र टपालाने घरी येणार, आणि घरातलं टपाल उघडतं कोण, ते त्यांना ठाऊक होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी पिसाळ हमीपत्र घेऊन आले. 'सदर वाट अस्तित्वात असून तिची मला संपूर्ण माहिती आहे. कोणास काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी माझी राहील.' खाली 'मार्गदर्शक' असं लिहून सहीला जागा ठेवलेली. "नुस्ती फार्म्यालिटी हो," पिसाळ म्हणाले. वैजयंतीबाईंनी स्वतःच्या हाताने पेन पुढे केलं. काय करणार? अहो, तुम्ही आम्ही काय केलं असतं? खांबेट्यांनी सही केली. सही त्यांची त्यांनाच ओळखू आली नाही.

रविवारी सकाळी मिनीबस कंटेनरच्या ट्रकांच्या मागेपुढे होत पाणशेव्याला पोचली. खांबेट्यांना एकच आशा होती. गाववाले सांगतील, 'वाट नाही', सगळे हळहळतील, कुठेतरी मिसळ खाऊन परत. म्हणून त्यांनी स्वतःच पुढे होऊन पारावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "काय हो, मुक्या बंदराला वाट नाहीच ना?"

म्हाताऱ्याने वर पाहिलं, जाळं बाजूला टाकलं आणि उठून उभाच राहिला.

"साहेब! वलखला का मना? मी देवजी!"

त्या दिवसाचा जगातला एकुलता एक साक्षीदार, आणि तो सत्तरी ओलांडून खडखडीत जिवंत. हा विचार मनात आल्याबद्दल खांबेट्यांना लाजही वाटली, पण आला खरा.

"उन्हात तुम्ही कशाला येता, देवजी? बसा तुम्ही."

"तुमी आलाव न मी बसू?" देवजीने कोयता घेतला, डोक्याला फडकं बांधलं आणि चालायला लागला.

चढावर खांबेटे देवजीला चिकटून चालले. मधे कुणी शिरू नये म्हणून. तरी वैजयंतीबाई शिरल्याच. "भाऊ, तुम्हीच होतात ना तेव्हा ह्यांच्याबरोबर?"

"हो बाय. साखली मीच धरलेली."

"मग सांगा ना, कसे उतरले हे खाली?"

खांबेट्यांना असा खोकला आला की पिसाळांनी मागून त्यांच्या पाठीत दोन रट्टे घातले. देवजी थांबला. त्याने खांबेट्यांच्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "चला बाय, ऊन व्हतंय." पुढे तो बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं खांबेट्यांना त्याच्या बोलण्यापेक्षा भयंकर वाटायला लागलं.

माथा आला. वाळलं गवत, वारा, आणि पुढे एकदम काहीच नाही. ती रिकामी जागा खांबेट्यांनी बरोबर ओळखली. सदतीस वर्षांत ती एका इंचाने सरकली नव्हती. देवजी बराच मागे कोयत्याने झुडपं तोडत राहिला होता. फोन हातात धरून निखिल सरळ तिच्याकडे चालला होता, आणि त्याच्यामागे रांगेने शुभसंकेत सोसायटी, जवळजवळ फ्लॅट नंबरच्याच क्रमाने.

"थांब निखिल!" खांबेटे ओरडले. "पुढे वाट नाही!"

"आहे काका. मॅपवर आहे."

"मॅप चुकीचा आहे!"

"तुम्हीच काढलाय ना?"

"म्हणूनच सांगतोय!"

सगळे खो खो हसले. "बगा, येवढा मोठा मानूस, पर गर्व न्हाई," पिसाळ कौतुकाने म्हणाले. खांबेट्यांनी देवाशपथ खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत निखिलने एक पाऊल पुढे टाकलं आणि तो दिसेनासा झाला.

हसू थांबलं. वारा तेवढा गवतातून सळसळत होता. "निखिल?" कुणीतरी म्हणालं. खांबेटे मटकन खाली बसले. मुकं बंदर ते. तो किंचाळला असता तरी वर ऐकू आलं नसतं. त्याची बायको श्रुती आज नेमकी माहेरी होती, तिला फोन करून काय सांगायचं? की पोरी, ती वाट मी पंख्याखाली बसून काढली होती? त्यांना खरोखर रडू आलं. चूक झाली, चूक झाली, असं ते पुटपुटत होते, आणि वैजयंतीबाई त्यांचा खांदा घट्ट धरून उभ्या होत्या.

मग कड्याच्या रेषेवर निखिलचं डोकं उगवलं. "अरे या ना सगळे! पायऱ्या आहेत! फोन पडला होता, तो घ्यायला वाकलो होतो."

खांबेटे चारही पायांवर रांगत टोकाशी गेले. खरंच पायऱ्या होत्या. कातळात खोदलेल्या, पावलाएवढ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. हात धरायला खोबणी होत्या. वाट नकाशासारखीच खाली खाली चालली होती. आता माणसाला अशा वेळी आनंद व्हायला हवा. खांबेट्यांची भीती मात्र दुप्पट झाली. नसलेली वाट नसली, तर समजू शकतं. पण नसलेली वाट असली म्हणजे काय समजायचं?

बदललेला गुडघा, दोनशे फूट आणि बाजूला मोकळं आकाश. बसत, घसरत, रामाचं नाव घेत ते उतरले. अर्ध्यावर वाट अचानक डावीकडे वळली. समोर चांगला रुंद सोपा उतार होता, तो सोडून ती दहा पावलं कड्याच्या पोटाला चिकटून उघड्यावर गेली आणि काही कारण नसताना परत आली.

"काका, इथे हे वळण कशाला?" निखिलने विचारलं.

"पान्याचा निचरा आसंल," पिसाळ म्हणाले. "विंजिनेरिंग हाय ते."

खांबेट्यांच्या डोळ्यांसमोर चहाचा ट्रे आला. नेमका त्याच वळणावर वैजयंतीबाईंच्या बुटाखालचा दगड निसटला, बाई एका बाजूला कलल्या, आणि खांबेट्यांनी डोळे मिटून, हाताला येईल ते, म्हणजे त्यांची ओढणी आणि दंड, मुठीत पकडून मागे खेचलं. दगड खाली गेला. तो पडल्याचा आवाज आला नाही. दोघं कड्याला पाठ लावून धापा टाकत उभे राहिले.

"इथून तुम्ही एकटे उतरलात?" वैजयंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "चोवीस वर्षांचे असताना? आणि मी आपली थट्टेवारी न्यायचे कधीकधी. चुकलं हो माझं."

खांबेट्यांना वाटलं, त्या दगडाबरोबर आपणच गेलो असतो तर बरं झालं असतं.

खाली मुकं बंदर अगदी गोष्टीतल्यासारखं होतं. हातभर वाळू, हिरवंनिळं पाणी, आणि वर ऐकू न येणारा लाटांचा केवढा तरी आवाज. गावातल्या दोनतीन बायका खडकावर कालवं फोडत होत्या. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. पिसाळ एका दगडावर चढले आणि सोसायटीतर्फे इथे खांबेट्यांच्या नावाची पाटी लावू, असं बोलू लागले. तेवढ्यात देवजी पुढे आला. त्याने डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "तपासायला आलाव ना?"

"काय तपासायला?"

"वाट." देवजीने हातातलं फडकं पिळलं. "तुमी गेलाव, मंग दोन म्हैन्यांनी नकाशा आला. पंचायतीच्या भिंतीला लावला. मास्तर बोलले, देवजी, हितं वाट दाखवलीय. मी बोललू, वाट नाय. ते बोलले, छापलीय म्हंजे हाय. मना भ्या वाटला. उद्या तपासनीस आला न वाट नाय दिसली, तं साहेबाची नोकरी जाल. तुमी पोरसवदा व्हताव. त्या दिवशी तुमच्या डब्यातली आर्धी भाकर मना दिली व्हती. मंग मी न माजी बायको काशी, आमी दोगांनी खनली. नकाशा बघून बघून. दोन उन्हाले लागले."

पिसाळ दगडावरून खाली उतरले.

"दोन जागंव तुमची रेघ सोडली, साहेब. कातल फुटलाच नाय. ती माजी चूक हाय, लिवा तसा. पन त्या मधल्या वलनाला चुकलू नाय. तितं लय तरास झाला. काशी पडली, हात मोडला तिचा. बोलली, सरल न्या ना वाट. मी बोललू, साहेबान वलन दिलाय, म्हंजे कायतरी बघूनच दिला आसंल." त्याने खडकाकडे मान वळवली. तिथे एक म्हातारी उजव्या हाताने कालवं फोडत होती. डावा हात कोपरातून वाकडा होता. "सदतीस वर्षं वाट बघतंय मी, कोन तपासायला येल. चूक धरा, पन वाट बाद करू नका. पोरीबाया येतात हितं पोटासाटी."

हा म्हातारा आपल्याला घाबरतोय, हे खांबेट्यांना तेव्हा कळलं. आपण सकाळपासून याला घाबरत होतो, आणि हा सदतीस वर्षं आपल्याला.

"देवजी," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, लाटांच्या वर आवाज काढून म्हणाले, "चूक तुमची नाही. मी खाली आलोच नव्हतो. वरून बघितलं, घाबरलो आणि पळालो. वाट मनाने काढली. ते वळण म्हणजे काही नाही. चहाच्या ट्रेचा धक्का लागला होता. मी आज पहिल्यांदा इथे आलोय."

निखिलने फोन खिशात घातला. पिसाळ समुद्राकडे बघू लागले. खांबेट्यांनी बायकोकडे बघितलं नाही, त्यांची छाती झाली नाही.

वैजयंतीबाई बराच वेळ त्या खडकावरच्या वाकड्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, दोन उन्हाळे म्हणालात ना?"

"हो बाय. दुसरा पुरा नाय, मिरगापत्तूर."

"आणि तुम्हाला हो?" त्या नवऱ्याकडे वळल्या.

"मला काय?"

"किती वेळ लागला? रेघ काढायला."

खांबेट्यांनी आठवून पाहिलं. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "दोन मिनिटं," ते म्हणाले. "वळणासकट."

बाई वाळूतून चालत खडकापाशी गेल्या, काशीशेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा तो वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला. दोघी काय बोलल्या ते लाटांमुळे कुणाला ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने त्या उठल्या, पिसाळांना म्हणाल्या, "चला, ऊन वाढलं. पुढे देवजीभाऊ चालतील," आणि देवजीच्या पाठोपाठ पायऱ्या चढायला लागल्या. एकदाही मागे न बघता.

खांबेटे सगळ्यांच्या शेवटी चढले. कड्याची भीती आता कुठल्या कुठे गेली होती. वळणावरून तर ते खाली बघत बघत आले. वर मिनीबस उभी होती, तिथून कळंबोली फार तर दीड तास, आणि वैजयंतीबाईंनी खिडकीजवळच्या सीटवर बसून शेजारच्या सीटवर आपली पिशवी ठेवली होती.